मदत हवी आहे: साउथ डाउन्स वे सायकलवर, अल्फ्रिस्टननंतर कुठला फाटा?

तिरपांगडा
घाईत आहे, थेट विचारतो. साउथ डाउन्स वे (दक्षिण इंग्लंडमधली टेकड्यांच्या कण्यावरची लांब वाट) दोन दिवसांत करायचा आहे. जीपीएक्स फाइल (नकाशावर दिसणारी मार्गाची रेषा) उतरवली, पण अल्फ्रिस्टनपाशी रेषेला दोन फाटे फुटतात. एक समुद्राकडे, सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून. दुसरा आतून, जेव्हिंग्टनमार्गे. कड्यांवरचा फोटोत जबरदस्त दिसतोय. तिथे सायकल चालते का? आणि टायर कुठले घेऊ? परवा ऑर्डर टाकायची आहे, लवकर सांगा.

नकाशेवाला
कड्यांवरून नाही. तो तुकडा फुटपाथ आहे, म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांचा हक्क. सायकलला हक्क आहे तो ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटेवर. १९६८च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टच्या कलम ३० ने तो दिला, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची या अटीवर. साउथ डाउन्स वे विंचेस्टर ते ईस्टबर्न साधारण १६० किमी आहे आणि तो सगळा सायकलवर करता येतो, तो शेवटच्या टप्प्यात आतला फाटा घेतला तरच. अल्फ्रिस्टनहून विंडओव्हर हिल चढायचा (खाली उतारावर विल्मिंग्टनचा लाँग मॅन), मग जेव्हिंग्टन, मग ईस्टबर्न.

खांबावर ओकच्या फळाचं (राष्ट्रीय पायवाटेचं) चिन्ह दोन्ही फाट्यांवर दिसेल, त्यावर जाऊ नका. बाणाचा रंग बघा. पिवळा म्हणजे फुटपाथ, निळा ब्रायडलवे, जांभळा रिस्ट्रिक्टेड बायवे (मोटारींना बंद), लाल म्हणजे सगळ्या वाहनांना खुला बायवे. पिवळा सोडून बाकी तिन्हींवर सायकल चालते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० एक्सप्लोरर नकाशावर फुटपाथ आखूड हिरव्या रेघांनी आणि ब्रायडलवे लांब हिरव्या रेघांनी दाखवतात.

तुमची फाइल पायी जाणाऱ्यांसाठी बनवलेली असावी. तसं असेल तर अल्फ्रिस्टनच नाही, मिऑन खोऱ्यातही तपासा. बीकन हिल ते ओल्ड विंचेस्टर हिल या पट्ट्यात चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या वाटा काही ठिकाणी वेगळ्या होतात.

गिअरगणपत
टायरचं सांगतो, पण आधी तुम्ही सांगा. सायकल कुठली? हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन), फुल सस्पेन्शन की ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याची, बारीक टायरांची)? चाक २९ इंची? ट्यूबलेस की ट्यूब? तुमचं वजन? आणि मुख्य म्हणजे महिना कुठला? "टायर कुठले" एवढ्यावर कोणी काय सांगणार?

ट्यूबवाले_काका
ट्यूबलेसच्या भानगडीत पडू नका. साधी ट्यूब टाका, दोन जास्तीच्या ठेवा, पॅच किट ठेवा. रानात सीलंटने (ट्यूबलेस टायरात भोकं बुजवायला ओततात त्या द्रवाने) हात बरबटवून घेण्यापेक्षा ते बरं.

पीसलेककर
साउथ डाउन्स कशाला? सरे हिल्सला या. लीथ हिल २९४ मीटर, शेजारी होल्मबरी आणि पिच हिल. जमीन ग्रीनसँडची (वाळूच्या दगडाची), पाऊस पडला की पाणी खाली जातं, चिखल होत नाही. गोमशॉल स्टेशनला उतरायचं, पीसलेकपर्यंत पेडल मारायचं, होल्मबरीवर 'बॅरी नोज बेस्ट' नावाच्या सायकलवाटेने खाली यायचं. पीसलेकच्या दुकानातले चीज स्ट्रॉ खाल्ल्याशिवाय परत जायचं नाही.

नकाशेवाला
@पीसलेककर, त्यांना १६० किमीचा एक सलग मार्ग करायचा आहे. तुमचा एक डोंगर आठ वेळा चढून तो होत नाही.

सिंहगडी_पुणे
तयारी महत्त्वाची. आठवड्यातून दोनदा सिंहगड घाट चढा, बसून, उभं न राहता. एकदा कात्रज जुना बोगदा. सहा आठवड्यांत फरक दिसेल.

तिरपांगडा
@सिंहगडी_पुणे, मी रेडिंगला राहतो. सिंहगड कुठून आणू?
@गिअरगणपत: हार्डटेल, २९, टायर २.२५, सध्या ट्यूब. रिम ट्यूबलेस चालणारी आहे. वजन ८० किलो. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार-रविवार. ईस्टबर्नहून सुरू करून विंचेस्टरला संपवणार, कारण गाडी विंचेस्टरला ठेवायची आहे.

गिअरगणपत
ऑक्टोबर! हे पहिल्या ओळीत हवं होतं. याने सगळंच बदललं.

डाउन्स म्हणजे चॉक, खडूचा दगड. उन्हाळ्यात तो काँक्रीटसारखा टणक असतो. ऑक्टोबरात ओला झाला की वर बारीक भुकटीचा लेप तयार होतो आणि त्यावर कुठल्याच रबराची पकड बसत नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे उतारावरचे चाकोरीचे पांढरे घळ. तिथे पुढचा ब्रेक हळू, शरीर मधोमध, आणि शक्य तिथे चॉक सोडून त्याच वाटेच्या कडेच्या गवतावर चाक ठेवा.

दुसरं संकट फ्लिंट. चॉकच्या थरांत गारगोटीचे गोळे असतात. ते फुटले की काचेसारखी धार येते. पाऊस त्यांना धुऊन वर काढतो आणि ओलं रबर सुकलेल्यापेक्षा सहज कापलं जातं. ते टायर मधोमध नाही, बाजूच्या भिंतीत कापतात. म्हणून हलके, पातळ भिंतीचे रेसिंग टायर नकोत, बाजूला जास्तीचं संरक्षण असलेले घ्या. २.३५ पुढे, मागे २.२५ किंवा २.३५. फ्रेममध्ये चिखलाला जागा किती उरते ते आधी बघा, दोन्ही बाजूंना निदान बोटभर हवी.

ट्यूबलेस करा. प्रत्येक टायरात साधारण १०० मिली सीलंट. ८० किलोला पुढे २२, मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूबवर हाच दाब ठेवलात तर पहिल्याच दगडावर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटून दोन भोकं पडतील. ट्यूबला ३२-३५ लागतो, आणि त्या दाबावर ओल्या चॉकवर उरलीसुरली पकडही जाते. @काका, मुद्दा बरबटण्याचा नाही, दाबाचा आहे.

ट्यूबवाले_काका
आणि बाजूची भिंत चिरली की तुमचं सीलंट काय करतं? फवारा मारतं.

गिअरगणपत
बरोबर, चीर ५-६ मिमीच्या वर गेली की सीलंट हरतं. मग प्लग, म्हणजे चिरेत खुपसायची रबरी वात. तो पुरता आत ढकलायचा नाही, निम्मा बाहेर राहू द्यायचा. तेही टिकलं नाही तर आतून टायरचा तुकडा लावून ट्यूब. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापलेला तुकडाही चालतो. ट्यूब घालण्याआधी टायरमध्ये आतून बोटं फिरवा, हळूच. सीलंटमुळे कळलेही नसतील असे काटे आत टोक काढून बसलेले असतात आणि नवी ट्यूब मिनिटभरात मारतात. शरद ऋतूत शेतांच्या कडेची कुंपणं छाटतात, ब्लॅकथॉर्नचे काटे गल्ल्यांत पडलेले असतात. म्हणजे एक ट्यूब ट्यूबलेसवाल्यालाही लागतेच, काकांना अर्धे गुण.

सोबत: १२-स्पीडला चालणाऱ्या क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या) दोन, तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर ज्यावर लटकतो तो तुकडा, दुसऱ्याचा बसत नाही), ब्रेक पॅडचा एक जोड. ओला चॉक आणि वाळू मिळून पॉलिश पेपर होतो, ऑरगॅनिक पॅड एका दिवसात पत्र्यापर्यंत जाऊ शकतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) लावा आणि निघण्याआधी घासून बसवून घ्या. चेनला ओल्या हवेचं तेल.

ब्रायटनची_मीनल
दिशा उलटी आहे तुमची. इथे वारा बहुतेक नैऋत्येकडून येतो, उघड्या कण्यावर दोन दिवस तोंडावर घ्याल. विंचेस्टरहून निघा. आणि गाडी विंचेस्टरला ठेवूच नका. विंचेस्टर लंडन वॉटर्लूच्या मार्गावर, ईस्टबर्न लंडन व्हिक्टोरियाच्या. दोन्हींत थेट ट्रेन नाही. चिखलाने माखलेली सायकल घेऊन दोन-तीनदा गाड्या बदलायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. रेडिंगहून ट्रेनने विंचेस्टर, परत येताना व्हिक्टोरिया, तिथून पॅडिंग्टनपर्यंत सायकलवर. शनिवार-रविवारी गर्दीच्या वेळेचं बंधन नसतं. कामाच्या दिवशी सकाळी ७ ते १० लंडनला पोहोचणाऱ्या आणि संध्याकाळी ४ ते ७ लंडनहून निघणाऱ्या सदर्न या रेल्वे कंपनीच्या गाड्यांत न घडी होणारी सायकल चालत नाही.

मुक्काम कुठे करणार? ते सांगितलंच नाहीत.

तिरपांगडा
तंबू टाकू म्हणत होतो वाटेत कुठेतरी.

नकाशेवाला
इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू टाकता येत नाही. डार्टमूर अपवाद, पण ते डेव्हनमध्ये.

ब्रायटनची_मीनल
ऑक्टोबरात तंबू म्हणजे दोन-तीन किलो जास्त आणि सकाळी सगळं ओलं. खोली घ्या. अ‍ॅम्बर्ली साधारण ७५ किमीवर, स्टेनिंग ९५ च्या आसपास. एकूण चढ ३,८०० मीटरच्या घरात आहे. ओल्यात सरासरी ताशी १० धरा, म्हणजे अ‍ॅम्बर्लीपर्यंत साडेसात तास नुसतं पेडलिंग. फाटकं, पाणी, खाणं मिळून साडेनऊ. त्या तारखांना उजाडतं साडेसातच्या सुमारास, मावळतं सहाच्या आसपास. म्हणून अ‍ॅम्बर्लीच, आणि दिवा हवाच. अ‍ॅम्बर्लीला स्टेशनही आहे, काही तुटलं तर तिथून सुटता येतं. दुसऱ्या दिवशीचं असं स्टेशन म्हणजे साउथईझ, तेही वाटेवरच.

पाणी: क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्क, बोटॉल्फ्सला एडर नदीजवळ, सॅडल्सकूम फार्म, हाउसडीन फार्म. एखादा नळ बंद मिळाला तरी पुढच्यापर्यंत निभावेल एवढं, दोन लिटर, जवळ ठेवा.

फाटकं जशी सापडली तशीच सोडा. उघडं असलेलं 'उपकार' म्हणून बंद करू नका, मेंढ्यांचा पाण्याचा रस्ता अडतो.

पीसलेककर
तोंडावर वारा, चिखल, गारगोट्या, अंधार. मी काय म्हणत होतो? ग्रीनसँड.

रिजवेप्रेमी
रेडिंगला राहून डाउन्स? गोरिंग स्टेशन तुमच्या दारात आहे. रिजवे या दुसऱ्या लांब वाटेचा पश्चिम अर्धा, एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून स्ट्रीटलीपर्यंत, साधारण ७० किमी, सगळा सायकलला खुला. एका दिवसाचं काम.

गिअरगणपत
तोही चॉकच. शिवाय तिथे चाकोऱ्या इतक्या खोल की पेडल कडेला आपटतं. आणि स्ट्रीटलीच्या पूर्वेला बराच भाग फुटपाथ आहे, जीपीएक्स घेऊन कोणी इव्हिंगहो बीकनपर्यंत निघालं तर पुन्हा हाच धागा.

कुतूहल७
फुटपाथवर सायकल चालवली तर ५० पौंड दंड होतो ना?

नकाशेवाला
तो वेगळा. १८३५च्या हायवेज अ‍ॅक्टचं कलम ७२ रस्त्याला लागून असलेल्या पादचारी पट्ट्यासाठी आहे, ५० पौंडाची नोटीस त्याची. शेतातून जाणाऱ्या फुटपाथवर सायकल चालवणं हा सहसा जमीनमालकाविरुद्धचा दिवाणी अतिक्रमणाचा मामला. म्हणून काही होत नाही असं नव्हे, तो तुम्हाला बाहेर काढू शकतो. आणि सेव्हन सिस्टर्सला कायद्यापेक्षा कड्याची भीती मोठी, चॉकची कड खालून पोखरलेली असते आणि पूर्वसूचनेशिवाय कोसळते.

कुतूहल७
इलेक्ट्रिक सायकल चालेल का ब्रायडलवेवर?

गिअरगणपत
२५० वॉटची मोटर आणि ताशी साडेपंधरा मैलांवर मदत बंद होत असेल तर कायद्याने ती सायकलच. थ्रॉटल उघडून बसायची चिनी फटफटी नाही. ३,८०० मीटर चढाला मात्र एक बॅटरी पुरणार नाही, मुक्कामी चार्जिंग विचारून घ्या.

तिरपांगडा
बरं. दिशा उलटवली, अ‍ॅम्बर्लीला खोली मिळाली, ट्यूबलेस किट मागवलं. चालणाऱ्यांची फाइल काढून टाकली. हार्टिंगजवळ नव्या रेषेत बीकन हिलपाशी एकदम उजवीकडे वळण दिसतंय, वर न जाता वळसा. ही चूक आहे की बरोबर?

नकाशेवाला
बरोबर. समोरची वाट सरळ टेकाडावर जाते आणि भयंकर उभी आहे. मार्ग दक्षिणेकडून वळसा घालून पलीकडे येतो. आणि हे मिऑन खोऱ्यातलं बीकन हिल नव्हे, नाव तेच आहे. फोनवर 'बीकन हिल' शोधून अंतर मोजू नका.

ब्रायटनची_मीनल
ब्रायडलवेचा शेवट ईस्टबर्नच्या समुद्रकिनाऱ्यावर नाही, गावाच्या पश्चिम कडेला पॅराडाइज ड्राइव्हला होतो. तिथून स्टेशन उतारावर आहे. किनारा बघायचा असेल तर गाडी एक उशिराची धरा.

सिंहगडी_पुणे
रेडिंगजवळ चढ नाही का कुठला?

रिजवेप्रेमी
आहे की. स्ट्रीटली हिल.