ॐकार नुसता घुमवायचा, की जपायचा?

गोदाकाठ (परभणी)
आमच्या कॉलनीच्या मैदानावर पहाटे साडेपाचला योगवर्ग भरतो. सतरंज्या टाकून तीसेक माणसं बसतात. शिकवणारे सांगतात, "अकरा वेळा ॐ म्हणा, म लांबवा, बीपी उतरतो." अकरावा ॐ संपतो न संपतो तोच टाळ्या आणि लगेच कपालभाती. मला हे फार खटकतं. पतंजलींनी योगसूत्रात प्रणवाला, म्हणजे ॐला, ईश्वराचा वाचक (त्याचं नाव) म्हटलंय आणि लगेच पुढच्या सूत्रात सांगितलंय, 'तज्जपस्तदर्थभावनम्'. जप आणि अर्थाची भावना, दोन्ही बरोबरच. मांडूक्य उपनिषद तर अवघ्या १२ मंत्रांचं आणि सगळं या एका अक्षरावर. अ म्हणजे जागेपण, उ म्हणजे स्वप्न, म म्हणजे गाढ झोप; मात्रा संपल्यावर जे उरतं ते चौथं. म्हणजे ॐ थांबल्यानंतरची शांतता हीच खरी जागा, आणि आम्ही नेमकी तीच टाळ्यांनी बुजवतो. अर्थ काढून टाकला तर तो श्वासाचा व्यायाम. मग त्याला व्यायामच म्हणावं.

श्वासोच्छ्वास (लातूर)
दादा, पटलं नाही. मी नर्स आहे. आमच्या अण्णांना बायपासनंतर झोप लागत नव्हती, रात्री दोनला उठून ओट्यावर येऊन बसायचे. मी एवढंच सांगितलं की ओठ मिटून म घुमवा, श्वास संपेस्तोवर. छातीवर हात ठेवायला लावला. थरथर हाताला लागली की बरोबर. हळूहळू झोप लागायला लागली. त्यांना उपनिषद सांगत बसले असते तर उठून गेले असते. गुणगुणत श्वास सोडला की नाकातलं नायट्रिक ऑक्साइड (रक्तवाहिन्या सैल करणारा वायू) शांत उच्छ्वासाच्या १५ पट वाढतं, हे २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी मोजलंय. इटलीत २००१ च्या अभ्यासात २३ जणांनी ख्रिस्ती लोकांची लॅटिन जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र असं दोन्ही म्हटलं. दोन्हीत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. म्हणजे शरीराला अर्थ लागत नाही. ज्याला झोप नाही त्याला आधी झोप मिळू द्या.

गोदाकाठ
ताई, अण्णांना आराम पडला याचा आनंदच आहे. पण तुमचाच दाखला बघा. लॅटिन जपमाळेनंही तेच होत असेल, तर तो गुण संथ श्वासाचा झाला. ॐकाराचा म्हणून वेगळा काही उरला का? मी तेच विचारतोय.

टाळकरी (नरसी, हिंगोली)
माऊली, रामकृष्णहरि. तुम्ही दोघंही ॐवरच अडून बसलात. मात्रा मोजा, पाठ ताठ ठेवा, अर्थ धरा, हे रानात राबणाऱ्यानं कधी करायचं? गंगाखेडच्या जनाबाईनं दळताकांडता नाम घेतलं. तिला ना आसन लागलं ना पहाटेचा वर्ग. माऊलींनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेदाला कृपण म्हटलंय, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. प्रणव त्याच वेदाचा. ज्या अक्षरापाशी अधिकार विचारला गेला, त्याच्या मागे आम्ही कशाला लागावं? नामाला कुणी जात विचारत नाही.

जात्यावरची (अंबाजोगाई)
दादा, याच कारणासाठी मी ॐ सोडणार नाही. नवीन लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं, "बायकांनी ॐ म्हणू नये, नमः शिवाय म्हणावं." मी गप्प बसले. पण मनात सल राहिला. मग ज्ञानेश्वरी वाचायला घेतली, तर पहिलाच शब्द ॐ! 'ॐ नमो जी आद्या'. पुढं तर गणपतीच्या रूपात तीन मात्रा मांडल्यात: अकार त्याचे पाय, उकार विशाल पोट, मकार मस्तक. गणपती कोणत्या घरात नसतो? गोदावरीकाठच्या आपेगावच्या माऊलींनी तो ॐ आमच्या मराठीत आणून ठेवला, आणि तुम्ही म्हणता मागे लागू नका?
आमचं घर दोन खोल्यांचं. मोठ्यानं म्हटलं तर लेकरं उठतात. भाकरी थापताना ओठ न हलवता मनातच चालतो. परातीवर थाप पडली की अ, भाकरी फिरली की उ, तव्यावर टाकली की म. आणि ती फुगेपर्यंत काहीच नाही. गोदाकाठ दादा, तुमचं ते मात्रा संपल्यावरचं चौथं मला तिथं सापडतं. वाचिक (मोठ्यानं), उपांशु (नुसते ओठ हलवून), मानस (मनातल्या मनात) असे जपाचे तीन प्रकार सांगतात, त्यातला मानस आम्हा बायकांच्या वाट्याला आपोआप आलाय.

श्वासोच्छ्वास
ताई, भाकरीचं वाचून दोन मिनिटं थांबले. तरी माझं मत तेच आहे. पेशंटला मी पहिल्या दिवशी म घुमवायलाच शिकवणार. गोदाकाठ दादा, तुमच्या वर्गातल्या टाळ्या मात्र बंद झाल्या पाहिजेत, ते श्वासाच्या दृष्टीनंही चुकीचं आहे. श्वास स्थिरावला की लगेच कपालभाती कशाला?

गोदाकाठ
उद्या शिकवणाऱ्यांशी बोलतो. अकरा ऐवजी पाचच घ्या, पण प्रत्येक ॐनंतर दोन श्वास गप्प बसू द्या, एवढंच मागणार आहे.

टाळकरी
जात्यावरच्या ताई, तुमचा ॐ कुणी हिसकावून घेत नाही, आणि घेऊही नये. पण आमच्या वारकरी फडात, म्हणजे भजनाच्या मंडळीत, ज्याला अक्षरओळख नाही तो म्हातारा येऊन बसला, तर मी त्याच्या हातात टाळ देणार आणि रामकृष्णहरिच म्हणायला लावणार.