बाच्का टोपोलाचा टीएससी : यश क्लबचे, की शेजारच्या सरकारचे?

मध्यरेषा (धागाकर्ता)

सर्बियाच्या उत्तरेकडील व्होइव्होदिना प्रांतात बाच्का टोपोला नावाचे बारा-तेरा हजार वस्तीचे गाव आहे. तेथील टीएससी या फुटबॉल क्लबचा विषय निघाला की बहुतेक जण एकाच वाक्यात निकाल देतात : हंगेरीच्या सरकारने पैसा ओतला, म्हणून संघ वर आला. पैसा आला हे खरे आहे, पण हा निकाल मला अन्यायाचा वाटतो, आणि तो का वाटतो ते मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

क्लबची स्थापना १९१३ सालची आहे. तेव्हा हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीत होते आणि क्लबचे नाव होते टोपोयाई स्पोर्ट क्लब. टीएससी ही त्याचीच आद्याक्षरे. पहिल्या महायुद्धानंतर सीमा सरकली आणि गाव युगोस्लाव्ह राज्यात गेले, १९४१ मध्ये पुन्हा हंगेरीच्या ताब्यात आले, युद्ध संपताना परत युगोस्लाव्हियात. गाव जागचे हलले नाही, त्याच्यावरून राज्ये तेवढी येऊन गेली. समाजवादी काळात क्लबला एआयके हे शेतमाल-उद्योग समूहाचे नाव मिळाले, आणि मूळ नाव परत येण्यासाठी शंभरावे वर्ष उजाडावे लागले. आजही गावातील अर्ध्याहून अधिक लोक हंगेरियन भाषक आहेत. अशा गावाने आपले जुने नाव जपले, हे मला कोणत्याही अनुदानापेक्षा मोठे वाटते.

खेळाचे म्हणाल तर २०१८-१९ मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून संघ प्रथमच सुपरलीगात, म्हणजे देशाच्या सर्वोच्च श्रेणीत, आला आणि पहिल्याच हंगामात चौथा राहिला. २०२२-२३ मध्ये प्रशिक्षक झार्को लाझेतिच यांच्या हाताखाली तो रेड स्टारच्या पाठोपाठ दुसरा आला, आणि पार्टिझान चौथ्या स्थानावर गेला. ज्या देशात पहिल्या दोन जागा बेलग्रेडच्या दोन क्लबांनी जणू आपसात वाटून घेतल्या आहेत, तेथे हे घडले. हे केवळ पैशाने घडते असे म्हणणाऱ्यांनी पुढे बोलावे.

उत्तर स्टँड

मी म्हणतो. आपण इतिहास नीट सांगितलात, पण ज्या वर्षांत क्लब खरोखर वर आला त्या वर्षांचा हिशोब गाळलात. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेले साडेचार हजार आसनांचे टीएससी अरेना आणि त्याआधीची अकादमी हंगेरी सरकारच्या पैशातून उभी राहिली. स्लोव्हाकियातील दुनाइस्का स्त्रेदा आणि रोमेनियातील शेप्शी या क्लबांनाही तिकडूनच मदत पोहोचली. सीमेपलीकडे जेथे जेथे हंगेरियन वस्ती आहे, तेथे तेथे हे मैदान उभे राहते. २०१४ पासून परदेशातील हंगेरियन नागरिकांना हंगेरीच्या निवडणुकीत मत देता येते, ही गोष्ट या चित्रापासून वेगळी काढता येत नाही.

मला खरी काळजी शेजारच्या गावांची आहे. त्याच बाच्का भागात कुला नावाचे गाव आहे. तेथील हायदुक हा १९२५ चा क्लब अनेक वर्षे वरच्या श्रेणीत टिकला आणि २०१३ मध्ये पैशाअभावी त्याला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. कुलाच्या पोरांचा फुटबॉलवरचा जीव टोपोलाच्या पोरांपेक्षा कमी होता का? त्यांच्यासाठी शेजारच्या देशाची राजधानी धावून आली नाही, इतकेच. अशा लीगमध्ये दुसरे स्थान मिळाले तर त्याला पराक्रम म्हणताना माझी जीभ अडखळते.

जुना गोलरक्षक

हायदुकचे दुःख मलाही आहे, परंतु त्याचा दोष टीएससीच्या माथी मारू नये. सर्बियात बहुतेक क्लब खासगी कंपन्या नाहीत, ते नागरिकांच्या संघटना म्हणून नोंदलेले आहेत, आणि नगरपालिकेच्या किंवा एखाद्या कारखान्याच्या पैशाशिवाय त्यांचे पान हलत नाही. स्मेदेरेव्होच्या सार्तिदने २००३ मध्ये रेड स्टारला हरवून चषक जिंकला, तेव्हा त्याच्या पाठीशी गावचा पोलाद कारखाना होता. स्वतःच्या तिकीटविक्रीवर जगलेला लहान गावाचा क्लब तेथे शोधून सापडणार नाही. मग एकट्या टोपोलाकडूनच सोवळेपणाची अपेक्षा का?

आणि मैदानावर शेवटी अकरा माणसेच उतरतात. ऑगस्ट २०२० मध्ये युरोपा लीगच्या (चॅम्पियन्स लीगखालोखालची युरोपीय क्लब-स्पर्धा) पात्रता फेरीत, क्लबच्या पहिल्यावहिल्या युरोपीय सामन्यात, बुखारेस्टच्या एफसीएसबीविरुद्ध ६-६ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर हार पत्करावी लागली. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपा लीगच्या गटातला लंडनचा सामना. समोर वेस्ट हॅम, तीनच महिन्यांपूर्वी कॉन्फरन्स लीग ही युरोपची तिसऱ्या दर्जाची स्पर्धा जिंकलेला. उत्तरार्ध सुरू होताच पेतार स्तानिचने गोल केला आणि टोपोला पुढे गेले. ज्या स्टेडियममध्ये हे अख्खे गाव पाच वेळा बसेल, तेथे सुमारे वीस मिनिटे फलकावर ०-१ होते. मी तो सामना उभा राहून पाहिला. पुढे ३-१ असा पराभव झाला हे मान्य, पण त्या वीस मिनिटांचे बिल कोणत्याही सरकारच्या नावाने फाडता येणार नाही.

उत्तर स्टँड

त्या वीस मिनिटांविषयी मला आदरच आहे. तरीही दोन गोष्टी नोंदवतो. पहिली अशी की, त्या गटापर्यंत टीएससी सामने जिंकून पोहोचला नव्हता. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत पोर्तुगालच्या ब्रागाने त्याला ३-० आणि ४-१ असे हरवले होते, आणि त्या फेरीत हरणाऱ्या, आपापल्या देशाचे विजेते नसलेल्या संघांना तेव्हा थेट युरोपा लीगच्या गटात जागा मिळत असे. सर्बियाच्या उपविजेत्याला ती फेरी खेळायला मिळाली ती मुख्यतः रेड स्टार आणि पार्टिझान यांनी युरोपीय स्पर्धांत देशाच्या क्रमवारीसाठी वर्षानुवर्षे जमवलेल्या गुणांमुळे. गटात सहा सामन्यांत एकच गुण आला, ग्रीसच्या ऑलिंपियाकोसशी घरच्या २-२ बरोबरीचा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सार्तिदचा कारखाना गावाचा होता. एआयकेचा समूहही गावच्या जमिनीतून उभा राहिला होता. तो बुडाला तर गावही बुडते, म्हणून दोघे एकमेकांना धरून राहतात. बुडापेस्टच्या मंत्रालयाचे टोपोलाशी असे नाते नाही. तेथील सरकारची मर्जी फिरली तर गावाला कोणी विचारणारही नाही. शिवाय दुशान तादिच याच गावात जन्मला आणि एआयकेच्या मैदानावर घडला. सर्बियाचा पुढचा कर्णधार तयार करायला जुने, गरीब मैदान पुरेसे ठरले होते, हे विसरू नये.

मध्यरेषा (धागाकर्ता)

ब्रागाचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी पहिल्याच मजकुरात लिहायला हवा होता. परकीय सरकारवर अवलंबून राहण्यातला धोकाही मी नाकारत नाही.

तादिचविषयी मात्र माझे म्हणणे उलटे आहे. तो घडला टोपोलात, पण पुढे जाण्यासाठी त्याला गाव सोडावेच लागले; नोव्ही सादच्या व्होइव्होदिना क्लबमध्ये जाऊन तो वरच्या श्रेणीत खेळला. वरच्या दर्जाचा फुटबॉल गावातच असता तर तो निदान काही वर्षे घरी राहू शकला असता. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी वेस्ट हॅम टोपोलात आला तेव्हा ८९व्या मिनिटापर्यंत ०-० होते, मग वेस्ट हॅमच्या सौचेकने गोल केला. त्या रात्री स्टँडमध्ये बसलेल्या पोराने युरोपचा फुटबॉल आपल्या गल्लीपासून चालत जाऊन पाहिला. तादिचच्या पिढीला हे मिळाले नव्हते.

आणि अवलंबित्वाबद्दल एक आकडा. त्या हंगामात युरोपा लीगच्या गटात नुसता प्रवेश केल्याचे सुमारे ३६ लाख युरो प्रत्येक क्लबला मिळाले. ते कोणत्याही सरकारचे अनुदान नव्हते. पुढच्या हंगामात संघ कॉन्फरन्स लीगच्या बाद फेरीपर्यंत गेला आणि पोलंडच्या यागिएलोनियाकडून हरला. क्लबने ही कमाई कशावर खर्च केली आणि गावचे किती खेळाडू पहिल्या संघात आणले, यावरून त्याला तपासावे, असे माझे म्हणणे आहे.

उत्तर स्टँड

ही कसोटी मला मान्य आहे. फक्त तीच कसोटी कुलालाही मिळायला हवी होती.