व्यापक सापेक्षता स्वतः शिकायची आहे: क्रम, पुस्तकं आणि पडताळा याबद्दल सल्ला हवा

काटकोन
कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि न्यूटनचं गतिशास्त्र पक्कं आहे. विशिष्ट सापेक्षतेची (गुरुत्व नसतानाच्या सापेक्षतेची) सूत्रं येतात, त्यावरची गणितं सुटतात. आता व्यापक सापेक्षता, म्हणजे आइनस्टाइनचा गुरुत्वाचा सिद्धांत, गणितासकट शिकायची आहे. टेन्सर (त्यात लागणाऱ्या अनेक घटकांच्या राशी) आधी पूर्ण करावेत की भौतिकीबरोबर? पुस्तक कोणतं? आणि शिकवणारं कुणी नसताना आपलं बरोबर चाललंय की नाही, हे कशावरून ओळखायचं? गणित टाळून समजावणारे व्हिडिओ कृपया सुचवू नका.

ध्रुवमत्स्य
टेन्सरला हात लावण्याआधी विशिष्ट सापेक्षता पुन्हा करा, यावेळी सूत्रं बाजूला ठेवून आलेखाने. बरेच जण खरं तर इथेच अडलेले असतात आणि पुढे दोष टेन्सरला देतात.

आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर अंतर प्रकाशवर्षांत, उभ्या अक्षावर काळ वर्षांत. प्रकाशाची रेघ ४५ अंशांत जाईल. आता प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने निघालेलं यान काढा: पाच घरं वर, तीन घरं उजवीकडे. यानातल्या घड्याळात किती वर्षं झाली? पट्टी लावली तर ती तिरकी रेघ सुमारे ५.८ घरं भरते. खरं उत्तर ४ आहे, कारण इथे वर्गांची बेरीज नाही, वजाबाकी करायची: २५ वजा ९, त्याचं वर्गमूळ. कागदावरची लांबी वेगळी आणि घड्याळाने मोजलेला काळ वेगळा, हे इथे अंगवळणी पडलं पाहिजे. पुढे मेट्रिक म्हणून जे येतं तो हाच वजाबाकीचा नियम, फक्त जागेगणिक बदलणारा.

मग यान त्याच बिंदूवरून त्याच वेगाने मागे फिरवा. पृथ्वीवर १० वर्षं होतात, यानात ८. यानाची ‘याच क्षणी’ची रेघ, म्हणजे समक्षणिकतेची रेघ, पाच घरं उजवीकडे गेली की तीन घरं वर चढते. ती वळणबिंदूतून मागे पृथ्वीपर्यंत नेलीत तर वळण्याआधी पृथ्वीवर ३.२ वर्षं झालेली दिसतील, वळल्यावरच्या रेघेने ६.८. मधली ३.६ वर्षं कुठून आली हे आलेखावर बोट ठेवून सांगता आलं, तरच पुढे जा. लांब खांब आणि आखूड कोठाराचं कोडंही (वेगाने जाणारा खांब कोठारात मावेल का) याच रेघेने सुटतं. लोक लांबीचं आकुंचन लावतात आणि समक्षणिकता विसरतात, म्हणून ते कोडं वाटतं.

मंदाकिनी
टेन्सर आधी संपवून मग भौतिकी, हा क्रम मला अजिबात पटत नाही. तीन-चार महिने इंडेक्स (घटकांचे क्रमांक) वर-खाली करण्यात जातात आणि ते कशासाठी हे कळत नाही. हार्टल यांचं ‘ग्रॅव्हिटी’ घ्या. त्यात मेट्रिक आधी हातात देतात, त्यावरून ग्रहांच्या कक्षा, प्रकाशाचं वळणं आणि कृष्णविवरं करून घेतात, आणि आइनस्टाइनची समीकरणं बरीच नंतर येतात. विशिष्ट सापेक्षतेतच टेन्सरची सवय करून घ्यायची असेल तर शुट्झ यांचं ‘अ फर्स्ट कोर्स इन जनरल रिलेटिव्हिटी’. दोन्हींपैकी एकच धरा आणि गणितं सोडवत न्या.

ख्रिस्टॉफेल चिन्हांचा (निर्देशकांच्या दिशा जागेगणिक कशा बदलतात ते सांगणाऱ्या सहगुणकांचा) सराव मात्र आजपासून, आणि सुरुवात सपाट कागदापासून. ध्रुवीय निर्देशकांत (अंतर आर आणि कोन) सपाट प्रतलाचे शून्येतर घटक दोनच प्रकारचे निघतात: उणे आर, आणि एक भागिले आर. आता त्यावरून रीमान वक्रता (जागा खरंच वाकलेली आहे का ते सांगणारा टेन्सर) काढा. ती शून्यच आली पाहिजे. ‘ख्रिस्टॉफेल शून्य नाहीत म्हणजे जागा वक्र’ हा गैरसमज या एका गणितात जातो. नंतर गोलाचा पृष्ठभाग: त्याचा वक्रता स्केलर (वक्रतेचा एकच आकडा) २ भागिले त्रिज्येचा वर्ग येतो. उणे आला तर हिशेबात चूक आहे किंवा दोन पुस्तकांची चिन्हं मिसळली आहेत.

हे मिसळणं फार वेळ खातं. काही पुस्तकांत काळाच्या पदाला उणे चिन्ह, काहींत अंतराच्या पदांना, आणि रीमानची व्याख्याही दोन चिन्हांनी लिहिली जाते. वहीच्या पहिल्या पानावर आपले संकेत लिहा आणि दुसऱ्या पुस्तकातून काही घेताना आधी तिथले तपासा.

श्वार्झशिल्ड मेट्रिकला (एकट्या गोल वस्तुमानाभोवतीच्या मेट्रिकला) आलात की चाळीसच्या चाळीस ख्रिस्टॉफेल सूत्रात घालून काढत बसू नका. कणाच्या मार्गाचं लाग्रांजियन (जिच्यावरून गतीची समीकरणं निघतात ती राशी) लिहा, ऑयलर-लाग्रांज समीकरणं काढा आणि जिओडेसिकच्या (मुक्त कणाच्या मार्गाच्या) समीकरणाशी ताडून सहगुणक वाचा. शून्येतर नऊच उरतात. हाताने काढून झाल्यावर सिम्पायमध्ये (बीजगणित करणाऱ्या पायथनच्या लायब्ररीत) पडताळा, आधी नाही.

शून्यलब्धी
क्रमाबद्दल सहमत. पडताळ्यासाठी आकडे काढा, आकडा खोटं बोलू देत नाही.

पहिला आकडा जीपीएसचा. उपग्रहाची कक्षा पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे २६,५६० किमी. गुरुत्व कमी असल्यामुळे त्याचं घड्याळ दिवसाला ४५.७ मायक्रोसेकंद पुढे जातं, वेगामुळे ७.२ मागे पडतं, निव्वळ ३८.५ पुढे. हे प्रकाशाच्या वेगाने गुणलं तर दिवसाला साडेअकरा किलोमीटर होतात. उत्तर जुळत नसेल तर केंद्रापासूनच्या अंतराऐवजी जमिनीपासूनची उंची, म्हणजे सुमारे २०,२०० किमी, घातलेली असते.

दुसरा बुधाचा. सूर्याचं वस्तुमान लांबीच्या एककात १.४७७ किमी. त्याला ६ पायने गुणा, मग अर्धदीर्घ अक्ष (५.७९ कोटी किमी) गुणिले (१ वजा उत्केंद्रतेचा वर्ग) याने भागा, उत्केंद्रता ०.२०५६. एका फेरीला उपसूर्यबिंदू (कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू) सुमारे एक कोटींश रेडियनच्या पाचपट सरकतो. शतकात ४१५ फेऱ्या, म्हणजे ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). १९१५ मध्ये आइनस्टाइनला मिळालेला आकडा हाच.

तीच कक्षा संगणकावर काढणार असाल तर बुधाचे खरे आकडे लगेच घालू नका. सरकणं इतकं बारीक आहे की ते गणनेच्या चुकीत बुडतं. आधी सापेक्षतेचं पद बंद करून चालवा: कक्षा बंद झालीच पाहिजे. साध्या ऑयलर पद्धतीने ती होत नाही, लंबवर्तुळ आपोआप फिरतं आणि माणूस त्यालाच सापेक्षता समजतो. रुंगे-कुट्टा चौथ्या क्रमाची वापरा, पायरी निम्मी करून उत्तर स्थिर राहतं का बघा. मग पद चालू करा आणि कक्षेचा आकार वस्तुमान-लांबीच्या शंभरपट ठेवा. फेरीमागे अकरा अंशांच्या आसपास सरकणं दिसेल.

काटकोन
आभार, कामाला लागतो. एक शंका: श्वार्झशिल्डमध्ये घटनाक्षितिजावर (कृष्णविवराच्या, जिथून परत येता येत नाही त्या सीमेवर) मेट्रिकचं एक पद शून्य होतं आणि एक अनंत. तिथे नक्की काय बिघडतं? आणि जड गोळ्याने वाकणाऱ्या, ताणलेल्या रबरी चादरीचं चित्र डोक्यात ठेवावं का?

ध्रुवमत्स्य
बिघडतात ते निर्देशक. आर म्हणजे केंद्रापासूनचं अंतर नव्हे. त्या गोलाचा परीघ भागिले २ पाय एवढाच त्याचा अर्थ. क्षितिजावर रीमानचा वर्ग काढा, तो मर्यादितच येतो. अनंत होतो तो आर शून्य असताना. एडिंग्टन-फिंकेलस्टाइन निर्देशकांत (प्रकाशकिरणांना धरून आखलेल्या) तेच मेट्रिक लिहा, क्षितिजावरची अडचण नाहीशी होते. पडणाऱ्याच्या स्वतःच्या घड्याळाने हिशेब केलात तर सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरात क्षितिजापासून केंद्रापर्यंत जास्तीत जास्त १५.५ मायक्रोसेकंद लागतात. दूरच्या निर्देशक-काळात क्षितिजापर्यंत पोचायलाच अनंत काळ लागतो. म्हणून प्रत्येक उत्तराला विचारा: हे कोणत्या घड्याळाने मोजलं?

चादर सोडा. त्यात फक्त अवकाश वाकतं. सफरचंद पडतं ते मुख्यतः काळाच्या पदामुळे. सूर्याजवळून जाणाऱ्या प्रकाशाला दोन्ही पदं सारखीच लागू पडतात, म्हणून वळण ०.८७५ विकला न येता १.७५ येतं. दोन्ही वाटे वेगवेगळे काढून बेरीज करून बघा.

मंदाकिनी
गुरुत्वीय लहरींपर्यंत पोचलात की १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या नोंदीचा लायगोचा (त्या लहरी टिपणाऱ्या अमेरिकी वेधशाळेचा) डेटा मोफत मिळतो. ३२ सेकंदांचा तुकडा, सेकंदाला ४०९६ नमुने, घ्या. कच्चा आलेख काढलात तर लहर दिसणारच नाही, कमी वारंवारतेचा गोंगाट तिला झाकतो. आधी व्हाइटनिंग (सगळ्या वारंवारतांचा गोंगाट एका पातळीवर आणणं), मग ३५ ते ३५० हर्ट्झचा फिल्टर. एक सेकंदाचाच तुकडा कापून फिल्टर लावू नका, टोकांना खोटे उसळे येतात. लायगोच्या दोन केंद्रांपैकी हॅनफर्डची नोंद सुमारे ७ मिलिसेकंद अलीकडे सरकवा, चिन्ह उलटं करा आणि लिव्हिंगस्टनच्या नोंदीवर ठेवा.