'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश': पुण्यकर्म थोर, पण रॉक अल्बम म्हणून?

तिरपागडा
मुद्दा मांडतो, मग झोडा. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रविशंकरांनी गळ घातली म्हणून बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनने दोस्तमंडळी गोळा केली आणि दुपारी एक, रात्री एक असे दोन कार्यक्रम केले. आधी भोला चक्रीवादळ, मग पाकिस्तानी लष्कराचा हैदोस, भारतात आलेले निर्वासितांचे लोंढे, त्यांच्यासाठी निधी. हेतूबद्दल अवाक्षर काढणार नाही. माझं भांडण तीन तबकड्यांच्या त्या पेटीशी आहे, जिला १९७३ मध्ये वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं.

दोन ड्रमर (बीटल्सचाच रिंगो आणि जिम केल्टनर). हॅरिसन, एरिक क्लॅप्टन, जेसी एड डेव्हिस अशा तीन इलेक्ट्रिक गिटार. वर बॅडफिंगर या बँडवाले अकूस्टिक गिटार बडवतायत, शिवाय हॉर्न, शिवाय कोरस. ध्वनिमुद्रणाला निर्माता फिल स्पेक्टर, त्याला तर वाद्यांची गर्दीच लागते. हॅरिसनचं 'वाह-वाह' हे गाणं लावा आणि त्यातल्या बॅडफिंगरच्या गिटार वेगळ्या काढून दाखवा, चहा माझ्याकडून.

आता जमलेलं बघा. 'हिअर कम्स द सन': हॅरिसन आणि बॅडफिंगरचा पीट हॅम, दोन गिटार, मागे थोडा कोरस. बॉब डिलनचा भाग: तो स्वतः, हॅरिसन, बेसवर लिऑन रसेल आणि खंजिरी हातात घेतलेला रिंगो. बस. म्हणजे 'सगळे मिळून' वाजवलेलं गढूळ, आणि चौघांनी वाजवलेलं नितळ. मग कौतुक नक्की कशाचं?

बेसुरा_बाळ्या
तिरपागडाराव, ही काही वर्षभर दौऱ्यावर असलेली बँड नव्हती. तालमीला जेमतेम काही दिवस, त्यातही सगळे एकदम हजर कधीच नाहीत. क्लॅप्टन हेरॉइनच्या विळख्यात, येतोय की नाही हेच माहीत नाही, म्हणून तर जेसी एड डेव्हिसला तयारीत ठेवलं होतं. डिलन स्टेजवर येईल याची खात्री खुद्द हॅरिसनला नव्हती. अशात दोन ड्रमर एकमेकांच्या पायात न येता दोन्ही खेळ काढतात, हे तुम्हाला किरकोळ वाटतं? केल्टनर रिंगोला कशी जागा सोडतो ते हेडफोन लावून ऐका.

'इट डोन्ट कम ईझी'मध्ये रिंगो शब्द विसरतो, आणि ते तसंच ठेवलंय. याउलट सगळे ज्याचे गोडवे गातात तो 'द लास्ट वॉल्ट्झ', म्हणजे 'द बँड' या चमूच्या निरोपाच्या कार्यक्रमाचा अल्बम, स्टुडिओत बसून किती रफू केलाय ते जगजाहीर आहे.

तिरपागडा
इथेही 'वाह-वाह' दोन्ही खेळांतले तुकडे जोडूनच केलंय. सोवळं कुणीच नाही. आणि 'लास्ट वॉल्ट्झ'मध्ये निदान एकच बँड पाहुण्यांना साथ करते, कोण काय वाजवतंय ते कळतं.

मंद्रसप्तक
तुम्ही दोघंही पहिली बाजू वगळूनच बोलताय. कमाल आहे! अल्बम सुरू होतो 'बांगला धून'ने: रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. पुढचं सगळं ज्या कारणासाठी आहे ते या पंधरा-सोळा मिनिटांत आहे. अली अकबरांचा जन्म पूर्व बंगालमधल्या शिबपूरचा, रविशंकरांच्या घराण्याचं मूळ जेसोरकडचं. दोघं एकाच गुरूचे, म्हणजे अलाउद्दीन खाँचे, शिष्य. एक तर मुलगाच. बाकीचे मदतीला आले होते, या दोघांचं घर जळत होतं. सतार-सरोद एकमेकांचं वाक्य कसं उचलतात ते ऐका आणि मग सांगा सहवादन म्हणजे काय ते. अल्बममध्ये खरं 'मिळून' वाजवणं कुठे असेल तर इथे, आणि नेमकं तेच रॉकवाले पुढे ढकलतात.

बेसुरा_बाळ्या
ताई, पुढे ढकलत नाही हो, पण प्रेक्षकांनी तर सतार जुळवण्यालाच टाळ्या दिल्या होत्या. 😄

मंद्रसप्तक
हा किस्सा आला की आपल्याकडे सगळ्यांना फार गुदगुल्या होतात. रविशंकर काय म्हणाले? जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. टोमणा आहे, पण मायेने मारलेला. आणि आपण हसायचं कारण नाही. सवाईत लांबलेल्या तानेवर सम यायच्या आत टाळ्या पडतात तेव्हा कोण हसतं? त्या मुलांना हॅरिसनने आधीच सांगितलं होतं की हे संगीत जरा गंभीरपणे ऐकायचं आहे. ती शांत बसली, आणि शेवटी जोरदार दाद दिली. रेकॉर्डवर आहे सगळं.

पोस्टकार्ड
जरा वेगळं. त्या वर्षी नोव्हेंबरपासून आपल्याकडे टपालावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. आमच्या आजोबांच्या पत्रांवर आहेत ती. एका दिवसाच्या गल्ल्याचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लगेच गेले, पण अल्बम आणि चित्रपटाचे पैसे अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकले, कारण धर्मादाय म्हणून आधी नोंदणीच केली नव्हती. पेटी अमेरिकेत दुकानात आली २० डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी फौजेची शरणागती त्याआधीच, १६ ला झाली. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम पैशाने केलंच नाही. 'बांगलादेश' हे नाव अमेरिकन सरकारला नकोसं असताना हजारो पोरांच्या तोंडी बसलं, ते काम झालं.

तिरपागडा
हेच तर म्हणतोय! नाव तोंडी बसलं, इतिहास झाला, मान्य. ग्रॅमी त्या इतिहासाला मिळालं. मंद्रसप्तकताईंची पहिली बाजूही मान्य, आणि ती माझ्याच खात्यात जमा करतो: चार माणसं! गर्दीच्या गाण्यांपैकी एकच सोडतो, बिली प्रेस्टनचं 'दॅट्स द वे गॉड प्लॅन्ड इट'. ऑर्गन सोडून तो नाचायला उठतो तेव्हा मागची सगळी फौज एकदम जागी होते.

बेसुरा_बाळ्या
आणि रसेलचं 'जंपिन जॅक फ्लॅश'? तो आरडाओरडाही गर्दीच आहे.

तिरपागडा
ते मी चौथ्या बाजूला गेलो की सुई उचलून थेट 'हिअर कम्स द सन'वर ठेवतो.

बेसुरा_बाळ्या
मग चहा राहू द्या तुमचा.