फ्लॉरेन्स, १४५५: विधवा एकटी घर विकू शकेल का?

शाईदौत:
कादंबरीची नायिका रेशीमव्यापाऱ्याची विधवा, वय ३२, पदरी दोन मुली. नवऱ्याच्या भावकीला न जुमानता ती एकटीच नोटरीकडे जाऊन राहतं घर विकते. प्रसंग लुटुपुटूचा वाटतोय. कुठे चुकतंय?

दस्तऐवज:
‘एकटीच’ इथेच. फ्लॉरेन्समध्ये बाईला करार करायचा तर मुंदुआल्दो लागायचा, म्हणजे तिच्या कराराला संमती देणारा पुरुष. तो नसेल तर दस्त टिकायचा नाही. पण हा माणूस नात्यातलाच हवा असं नव्हतं. पुष्कळदा तेवढ्या एका दस्तापुरता कुणीतरी नेमला जाई. नायिकेची जिद्द इथे दाखवा. दिराला टाळून तिने कुणाला उभं केलं? दस्त लॅटिनमध्ये, नोटरी तो तिला बोलीत समजावून सांगतोय, आणि एका कलमावर ती त्याला थांबवून पुन्हा वाचायला लावते. पानभर भाषणापेक्षा हे कितीतरी बोलकं आहे.

दुसरं, घर मुळात नवऱ्याचं. विधवेचा पक्का दावा असतो तो माहेरहून आलेल्या हुंड्यावर. म्हणून आधी हुंड्याच्या परतफेडीपोटी घर तिच्या नावावर करून घ्या, विक्री मग.

उंबरठा:
मुलींच्या हुंड्याची तरतूदही हवी. १४२५ पासून शहराची ‘मोन्ते देल्ले दोती’, म्हणजे हुंड्यासाठीचा निधी, होती: मुलीच्या नावाने साडेसात किंवा पंधरा वर्षांची मुदतठेव. पैसे मिळायचे जावयाला, तेही लग्न पूर्णत्वाला गेल्यावरच. आईला मधेच काढता येत नसत. त्याच काळातली फ्लॉरेन्सची विधवा अलेस्सांद्रा स्त्रोत्सी हिची सत्तरहून अधिक पत्रं शिल्लक आहेत, ती वाचाच. थोरले मुलगे परमुलखात, आणि या विधवेने १४४७ मध्ये लेक कातेरीनाचं लग्न १,००० फ्लोरिनांवर ठरवलं. त्यातले ५०० मोन्तेचे, बाकी रोख आणि कपडालत्ता.

शाईदौत:
विक्रीची तारीख १० फेब्रुवारी १४५५ टाकली आहे. चालेल?

दस्तऐवज:
तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे दस्तावरचा फेब्रुवारी १४५५ म्हणजे आपला १४५६. नवरा वारल्याची तारीखही याच हिशेबाने तपासा, नाहीतर वैधव्याचं एक वर्ष गळेल. तास सूर्यास्तापासून मोजत, म्हणून ‘रात्रीचा दुसरा तास’ ही जेवणाची वेळ होते, मध्यरात्र नव्हे. आणि त्या जेवणात टोमॅटो नको, तो अमेरिकेतून यायला अजून अवकाश आहे.