मदत हवी आहे: मुलगा कॉलेजला म्हणून निघतो आणि दिवसभर लोकलमध्येच बसून राहतो

पागोळी
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्सला. आम्ही मूळचे गिरगावचे. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा दीड वर्षापूर्वी बिल्डर देतो त्या भाड्यात बसेल असं घर कांदिवलीला घेतलं. वन रूम किचन. मी, नवरा, सासूबाई आणि हा. दहावी इथूनच दिली, ८१ टक्के पडले. कॉलेज दादरला मिळालं, आम्हाला वाटलं झालं, गाडी रुळावर.

गेल्या आठवड्यात कपडे भिजवायच्या आधी त्याच्या जीन्सचे खिसे चाचपले तर टीसीची पावती निघाली. चर्चगेट. दंड २५० रुपये, वर भाडं. पास कांदिवली ते दादर आहे, मग हा दुपारच्या वेळी चर्चगेटला कशाला? माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. कॉलेजात फोन केला तर हजेरी वीस टक्केसुद्धा नाही.

विचारलं तर आधी अंगावर आला. घरात एकच दार, ते आपटून खाली गेला. रात्री सासूबाई झोपल्यावर एवढंच म्हणाला, "कुठे जात नाही गं मी. ट्रेनमध्येच बसतो. बोरिवली ते चर्चगेट, चर्चगेट ते बोरिवली. खिडकी मिळाली की उतरावंसं वाटत नाही." त्या दिवशी पाय मोकळे करायला प्लॅटफॉर्मवर उतरला आणि सापडला.

आता आठवायला लागलं की खुणा कधीपासून होत्या. सकाळी निघताना रोज पोटात दुखतं. फॅमिली डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही नाही. रात्री तीन-तीनपर्यंत जागा. पोहे हा त्याचा जीव की प्राण, ते डिशमध्ये तसेच सुकून जातात. साध्या बोलण्यावर खेकसतो, आजीवरसुद्धा. चाळीच्या गणपतीत दहा दिवस घरी नसायचा, ढोल याच्याकडे असायचा. यंदा आम्ही मंडपात गेलो तर हा बाहेर कट्ट्यावर मोबाईल घेऊन. आरतीला हाक मारली तर "तुम्ही व्हा पुढे."

पण तो रडत नाही, उदास वगैरे दिसत नाही. नुसता चिडलेला असतो. म्हणून मला कळत नाही की याला आजार म्हणायचं की वय. नवऱ्याचं म्हणणं, आमच्या वेळी दहा बाय बारात सात जण होतो, कोणाला असलं काही होत नव्हतं. सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीय. मी मीठमोहऱ्या ओवाळल्याही, खोटं कशाला बोलू.

कोणाकडे न्यायचं, काय सांगून न्यायचं, आणि त्याच्याशी बोलायचं तरी कुठे? आमच्या घरात कुजबुजलं तरी तिघांना ऐकू जातं.

डबल डेकर
फोन काढून घ्या आणि पास बंद करा. दोन दिवसांत सरळ होईल. आजकालच्या पोरांना सगळं आयतं मिळतं हाच प्रॉब्लेम आहे.

सोनचाफा
डबल डेकर, पोरगा आठ आठ तास ट्रेनमध्ये एकटा बसतोय, आणि ती एक जागा पण काढून घ्यायची? मग तो कुठे जाईल याचा विचार केलात का? पागोळीताई, हा प्रतिसाद वाचूच नका.

खडूफळा
पागोळीताई, शाळेत समुपदेशक म्हणून १४ वर्षं काढली, त्या अनुभवावर लिहिते. न बघता निदान कोणीच करू नये, मीही करत नाही. पण "उदास दिसत नाही, चिडतो" हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलंय! या वयात नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपानेच बाहेर येतं. मोठं माणूस कोपऱ्यात बसून रडेल, तेच पोर दार आपटेल. सोबत भूक गेलेली, झोपेचं गणित उलटलेलं, जीव की प्राण असलेला ढोल सुटलेला, आणि रिपोर्ट नॉर्मल येणारी पोटदुखी. ही दुखी खोटी नसते हो, त्याला खरंच दुखत असतं. एवढं सगळं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर "वय आहे" म्हणून सोडायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार १० ते १९ वयातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात आठेक. तुमचा मुलगा काही जगावेगळा नाही.

झोपेचं थोडं वेगळं सांगते, कारण घरोघरी भांडण त्यावरूनच होतं. वयात येताना शरीराचं घड्याळच दोनेक तास पुढे सरकतं, त्यामुळे दहाला झोप न येणं हा आळस नाही. पण गरज ८ ते १० तासांचीच राहते. तीनला झोपून सहाला उठणाऱ्या मुलाचा स्वभाव कसा असणार? यात फोनचा वाटा आहेच, पण हिसकावून काही होत नाही. रात्री घरातले सगळे फोन, तुमचे दोघांचेसुद्धा, एकाच जागी चार्जिंगला लावून बघा.

बोलायचं कुठे म्हणता, तर घरात नकोच. समोर बसवून "आता बोल" म्हटलं की मुलं मिटतात. शेजारी शेजारी बसल्यावर, नजरेला नजर नसताना बोलतात. आणि तुमच्या मुलाने तर जागा स्वतःच शोधून ठेवली आहे. रविवारी त्याच्याबरोबर ट्रेनमध्ये बसा ना. लेडीजमध्ये नाही, जनरलमध्ये, त्याच्या खिडकीशी. हजेरी आणि पावतीचा विषय तुम्ही काढायचा नाही.

एक प्रश्न मात्र विचारायचा, आणि आडून नाही, सरळ: "कधी जगणं नको असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात भरवलं जातं ही भीती सगळ्या पालकांना असते. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं याने मूल सुटतं.

रिकामा डबा
काकू, मी २३ वर्षांचा आहे. माझं असंच झालं होतं, फक्त मी हार्बरला बसायचो. पनवेल ते सीएसएमटी. लोकांना वाटतं आम्ही टाइमपास करतो. गर्दीत कोणी तुमच्याकडे बघत नाही हो, तेवढ्यासाठी बसायचं. घरी सगळे बघत असतात. "काय झालं?" दर दहा मिनिटांनी.

एक विचारू? गिरगावच्या घरात तो झोपायचा कुठे?

पागोळी
पोटमाळ्यावर. पाच फूट उंची, ताठ उभंही राहता यायचं नाही, पण शिडी वर ओढून घेतली की तिथे कोणी जात नसे. फळीवर क्रिकेटर्सची चित्रं, जुना रेडिओ. इथे तो बाहेरच्या खोलीत आजीच्या पलंगाखालची गादी ओढून झोपतो.

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं.

रिकामा डबा
तेच म्हणत होतो. तुम्हाला नवीन घर मिळणार आहे कधीतरी, त्याचं जुनं गेलंय. एक पडदा लावा काकू. खरंच, साधा पडदा. आणि पडदा ओढलेला असेल तर हाक मारून मगच आत.

मला स्वतःला औषधांचा फायदा झाला. पहिले तीन आठवडे काहीच वाटलं नाही, मी बंद करणार होतो, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की वेळ लागतो आणि मनाने बंद करायचं नाही. नंतर फरक पडला. सगळ्यांना गोळ्या लागतातच असं नाही, माझ्या मित्राचं नुसत्या समुपदेशनावर झालं.

मुलुंड चेकनाका
कोणाकडे न्यायचं यावर माहिती लिहितो, आमच्या पुतणीच्या वेळी सगळी धावाधाव मी केली होती.

लोक तीन वेगवेगळी माणसं एकच समजतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, एमडी झालेले, औषध तेच लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर बिनधास्त मागा. समुपदेशक म्हणून मात्र कोणीही पाटी लावतं, तेव्हा शिक्षण काय ते विचारून घ्या. आम्ही एका प्रायव्हेट ठिकाणी चार सेशनचे पैसे आगाऊ भरले आणि ते गृहस्थ पुतणीला प्रवचन देत बसले. पैसे गेले ते गेलेच.

शेवटी महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये गेलो. केईएम, सायन, नायर, कूपर, चारही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. केसपेपरला नाममात्र पैसे. तुम्हाला कूपर जवळ, पार्ल्याला उतरून रिक्षा. रांग असते, बाकडी मोडकी असतात, पण डॉक्टरांनी पुतणीला पाऊण तास दिला. आधी आम्हाला बाहेर काढलं, तिच्याशी एकटीशी बोलले. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड, कारण थकवा त्यानेही येतो. मुलगा १८च्या आतला आहे, म्हणजे पालक बरोबर हवेच.

मेडिक्लेम असेल तर कागद काढून बघा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायचा आहे. फक्त बऱ्याच पॉलिसी ओपीडीचा खर्च मुळातच देत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आणि हजेरीवरून घरात रामायण नको. कॉलेजला डॉक्टरांचं पत्र देता येतं. अगदी वर्ष गेलं तरी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देणारी मुलं दरवर्षी असतात. माझी पुतणी त्यातलीच.

डबल डेकर
मी वर जरा जास्तच बोललो. पास बंद करू नका.

पागोळी
सगळ्यांचे आभार. काल रविवार होता. त्याला म्हटलं, मला तुझी ट्रेन दाखव. आधी "काहीतरीच काय" म्हणाला, मग चप्पल घातली. कांदिवलीहून उलटं बोरिवलीला गेलो, तिथून चर्चगेट स्लो. खिडकी त्याने मला दिली. अंधेरीपर्यंत एक शब्द नाही. मीही गप्प, आणि माझ्यासारखीला ते सोपं नव्हतं. माहीमची खाडी आली तेव्हा म्हणाला, "इथे वास येतो ना, तेव्हा कळतं की अर्धं झालं."

परतताना बोलला. कॉलेजमध्ये सगळे क्लासच्या ग्रुपने येतात, डबा खायला कोणाजवळ बसायचं हा रोजचा प्रश्न. पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ४ मिळाले, ते मला सांगायची हिंमत झाली नाही. नंतर एक दिवस गेला नाही, मग दुसऱ्या दिवशी जाणं जास्त अवघड झालं, असं करत करत. एवढं साधं.

खडूफळाताई, तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला. जीभ अडखळली. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कधी कधी येतं. पण मी काही करणार नाहीये, तू टेन्शन नको घेऊस." मंगळवारी सुट्टी टाकलीय, कूपरला नेते. तोवर काय करू?

खडूफळा
विचारलंत ते फार चांगलं केलंत. त्याने खरं सांगितलं हेही चांगलं. पण "कधी कधी" ऐकल्यावर मंगळवारपर्यंत वाट बघायची नाही. आजच रात्री १४४१६ला फोन लावा, सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ला सुरू झाली. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. तुम्ही बोला, तो तयार असेल तर त्यालाही द्या. मंगळवारपर्यंत त्याला एकटं ठेवू नका, पण पोलिसासारखं मागेही लागू नका. घरात सासूबाईंची रोजची औषधं असतील, ती आणि असं बाकीचं जे काही असेल ते कुलपात ठेवा. रागाने नाही, त्याला सांगूनच ठेवा. आणि त्याच्या बोलण्यात कुठे, कसं असं काही यायला लागलं, तर मंगळवार-बिंगळवार न बघता थेट जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.

नवऱ्यालाही हे आजच सांगा. एकट्याने वाहायचं ओझं नाही हे.

पागोळी
फोन केला. घरात शक्य नव्हतं, चौथ्या मजल्याच्या जिन्यात बसून केला. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही. मग त्याला दिला, मी दोन पायऱ्या खाली जाऊन बसले. सतरा मिनिटं बोलला. काय बोलला ते विचारलं नाही.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो काहीच म्हणाला नाही. आज कामावरून येताना नायलॉनची दोरी आणि हुक घेऊन आला. घरमालक भिंतीला भोकं पाडू देत नाही, म्हणून खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत दोरी बांधली आणि माझी जुनी इरकल त्यावर टाकली. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीची खोली केलीस की काय रे. मुलगा हसला. खूप दिवसांनी.

दोरी मधे लोंबतेय, पण पडदा ओढला जातो.

आता एकच विचारायचंय: कूपरला केसपेपरसाठी सकाळी किती वाजता पोचावं लागतं? आणि पावसात पार्ल्याहून रिक्षा मिळते की अंधेरीला उतरू?

मुलुंड चेकनाका
आठच्या आत रांगेत उभ्या राहा. पार्लेच बरं, अंधेरीला सकाळी रिक्षावाले ऐकत नाहीत. आधारकार्ड, जुने रिपोर्ट, पाण्याची बाटली. आणि त्याच्यासाठी खायला काहीतरी घ्या, बाराही वाजतात.