घाट चढताना अधूनमधून मिस मारणारी पद्मिनी: दोष करंटचा की पेट्रोलचा?

प्रश्न

नमस्कार. वडिलांनी १९८९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आमच्याकडे अजून चालू स्थितीत आहे आणि महिन्यातून एकदा तरी मी तिने कोल्हापूरहून देवरुखजवळच्या आमच्या गावी जातो. गेल्या चार-पाच महिन्यांपासून परतीच्या वाटेवर एक त्रास सुरू झाला आहे. साखरपा सोडून आंबा घाट चढू लागलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावला, की इंजिन एकाएकी मिस मारते, दोन-तीन झटके बसतात, कधी सायलेन्सरमधून बार निघतो आणि पुढच्याच क्षणी काही झालेच नाही अशा थाटात गाडी पुन्हा ओढू लागते. सपाट रस्त्यावर हे क्वचितच होते आणि गॅरेजमध्ये उभी करून कितीही रेस केली तरी होत नाही. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, डेल्कोचे (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) झाकण आणि रोटर एवढे सगळे बदलून झाले असून कार्ब्युरेटरही साफ केला आहे. आता फिटर इंजिन खोलण्याचा सल्ला देत आहेत, परंतु सकाळी गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते आणि तेलही जळत नाही, त्यामुळे माझे मन तयार होत नाही. तपासाची सुरुवात कुठून करावी?

उत्तर १

कृपया इंजिन खोलू नका. एखादी व्हॉल्व्ह गळत असती किंवा रिंगा गेल्या असत्या, तर मिसिंग अधूनमधून न होता सतत जाणवले असते, आणि तेही सर्वांत आधी स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना.

पहिला प्रश्न असा, की झटका बसतो तेव्हा चारही सिलिंडर एकदम जातात की एकच? एकच जात असेल तर ठराविक तालात थरथर जाणवते आणि दोष त्या सिलिंडरच्या प्लगमध्ये किंवा वायरमध्ये शोधावा लागतो. आपण केलेल्या वर्णनावरून चारही एकदम जात असावेत, म्हणजे दोष चौघांच्या सामायिक वाटेवर आहे. ती वाट दोनच ठिकाणांहून येते. एक करंटची, म्हणजे इग्निशन स्विच, कॉइल (ठिणगीसाठी दाब वाढवणारी), पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे), कंडेन्सर आणि कॉइलपासून डेल्कोच्या झाकणाच्या मधल्या भोकात जाणारी जाड वायर. दुसरी पेट्रोलची, म्हणजे टाकी, नळ्या, पंप आणि कार्ब्युरेटर. या दोहोंच्या वागण्यात फरक असतो. पेट्रोल कमी पडले तर गाडी हळूहळू मरगळते, चोक थोडा ओढला की काही काळ सावरते, आणि पुन्हा ताकद यायलाही वेळ लागतो. करंट तुटला तर दिवा विझावा तसे इंजिन एका क्षणात जाते आणि तितक्याच झटकन परत येते. मधल्या काळात सिलिंडरमधून न जळता बाहेर पडलेले पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये पेटते, तोच आपल्याला ऐकू येणारा बार. माझे मत करंटकडे झुकते.

मत पडताळण्यासाठी टायमिंग लाइट, म्हणजे वायरीतून करंट गेला की दरवेळी चमकणारा दिवा, वापरा. तिचा चिमटा कॉइलच्या मधल्या जाड वायरला लावून तिच्या वायरी पंख्यापासून दूर बांधा, बॉनेटच्या फटीतून आत घ्या आणि दिवा शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात द्या. आपण स्वतः दिव्याकडे पाहू नका, लक्ष रस्त्यावरच असू द्या. झटक्याच्या क्षणी दिव्याची उघडझाप थांबली तर दोष कॉइलमध्ये किंवा तिच्या अलीकडे आहे. उघडझाप चालूच राहिली तर पेट्रोलकडे वळा.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु एक गोष्ट जोडतो. कंडेन्सर नवा बसवला म्हणजे तो चांगला आहे असे धरून चालू नये. सध्या बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरपैकी काही गरम झाल्यावर दगा देतात. त्यामुळे पूर्वी नीट चाललेला जुना कंडेन्सर जपून ठेवला असेल तर तो लावून पाहावा. कॉइलचेही तसेच आहे. थंड असताना मीटरवर तिचे आकडे बरोबर येतात आणि तापल्यावर आतली तार सुटते, म्हणून ती मोजायची असेल तर घाटाच्या माथ्यावर, गाडी बंद करून लगेच मोजावी.

पेट्रोलची बाजूही पूर्ण सोडू नये, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि या गाड्यांच्या मूळ रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेले नव्हते. नळ्या बाहेरून चांगल्या दिसत असल्या तरी एकदा बदलून घ्याव्यात. गळती झाल्यास आगीचाही धोका असतो.

उत्तर ३

सपाट रस्त्यावर क्वचित, उभ्या गाडीत कधीच नाही आणि चढावर नेमाने, हे वाचल्यावर माझ्या मनात उष्णतेपेक्षा हालचाल आली. उभ्या गाडीत कितीही रेस केली तरी इंजिनावर भार पडत नाही. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की इंजिन आपल्या फाउंडेशनवर, म्हणजे ते ज्या रबरी आधारांवर बसवलेले असते त्यांवर, एका बाजूला कलते, आणि इतक्या वर्षांनंतर ती रबरे बसलेली असली तर ते बरेच कलते. डेल्को इंजिनावर असतो आणि कॉइल बॉडीला बसवलेली असल्यास त्या दोघांमधल्या बारीक वायरीला प्रत्येक वेळी ओढ बसते. वर्षानुवर्षे असे झाले की वायरीच्या आतले तांबे तुटते, आवरण मात्र अखंड दिसते. इंजिन स्लोवर चालू ठेवून कोरड्या लाकडी काठीने ती वायर हलकेच ओढून पाहा. हाताने धरू नका, कारण त्या बारीक वायरीतही पॉइंट उघडताना चांगलाच झटका बसेल इतका दाब येतो.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी घाटात टायमिंग लाइट लावून गेलो. पत्नीने दिवा धरला होता आणि तिसऱ्या वळणावर झटका बसताच "विझला" असे ती म्हणाली, म्हणजे पेट्रोलचा प्रश्न तिथेच मिटला. माथ्यावर थांबून कॉइल गरम असतानाच मोजली, तर ती ठीक निघाली. मग इंजिन चालू ठेवून काठीने ती बारीक वायर डेल्कोपासून दूर ढकलली आणि इंजिन तत्काळ बंद पडले. पुन्हा सुरू करून पुन्हा ढकलले, पुन्हा बंद.

घरी येऊन वायर काढली. डेल्कोकडच्या टोकापासून दोन बोटे अंतरावर ती पिळली की तिथे दोरीसारखी लुळी पडत होती. आवरण ब्लेडने चिरल्यावर आत हिरवी पडलेली तांब्याची तार दिसली, तिचे सगळे धागे तुटून समोरासमोर टेकून बसले होते. वायर ताणली की ते दूर होत आणि सोडली की पुन्हा भिडत. नवी, बारीक धाग्यांची लवचीक वायर थोडी सैल ठेवून बसवली आहे. फाउंडेशनची रबरे पाहिली तर डावीकडचे मधोमध फाटलेले होते, तेही बदलले. त्यानंतर घाट दोनदा चढून झाला, झटका आलेला नाही. पेट्रोलच्या नळ्या या आठवड्यात बदलतो आहे.